पंडिता रमाबाईंचा मुद्रणव्यवहार : एक दुर्लक्षित पैलू

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्याविषयी मराठीत थोडेथोडके लिहिले गेलेले नाही. देवदत्त नारायण टिळक यांचे 'महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई' (१९६०) हे चरित्र, अ. भि. शहा यांनी संपादित केलेला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेला पत्रव्यवहार, उमा चक्रवर्ती आणि मीरा कोसंबी यांचे इंग्रजीतील मूलगामी अभ्यास, एवढी सामग्री आज हाताशी आहे. तरीही आपल्या वर्गांतून भेटणारी रमाबाई तीनच रूपांत भेटते : संस्कृतची विदुषी, विधवांची कैवारी आणि ख्रिस्ती झालेली ब्राह्मण स्त्री. या तिन्ही रूपांवर वादही भरपूर झाले आहेत. मात्र पुस्तक लिहिणारी, ते छापवून घेणारी, विकणारी, त्या विक्रीतून भांडवल उभे करणारी आणि अखेरीस स्वतःचा छापखाना चालविणारी रमाबाई या वादांच्या गर्दीत हरवून गेली. ग्रंथालयांच्या तालिकेतही तिची नोंद बहुधा 'समाजसुधारक, चरित्रे' या विभागात सापडते. वाङ्मयाच्या किंवा मुद्रणाच्या विभागात ती शोधावी असे कुणाला वाटत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, रमाबाईंच्या आयुष्यातील प्रत्येक स्थलांतराचा खर्च, अक्षरशः आणि लाक्षणिक अर्थानेही, छापील शब्दाने भागविला; आणि त्या शब्दावर मालकी कुणाची, हा प्रश्न त्यांच्या लेखनाच्या घाटावर आणि गुणवत्तेवर थेट परिणाम करून गेला. 'माध्यम-उद्योजिका' ही संज्ञा आजची आहे. ती एकोणिसाव्या शतकावर लादण्याचा मोह टाळला पाहिजे. पण संज्ञा आजची असली तरी व्यवहार त्या काळचाच होता, हे विसरूनही चालणार नाही.

परकेपण

रमाबाईंना स्थलांतरित म्हणावे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. इंग्लंडमध्ये त्या तीन वर्षांहून कमी राहिल्या, अमेरिकेतही साधारण तेवढ्याच. परंतु आपण त्यांना जितके सहजपणे 'महाराष्ट्राच्या' म्हणतो तितक्या सहजपणे त्या महाराष्ट्राच्या नव्हत्या. त्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि तिने मुलीला. बालपण तीर्थयात्रेच्या वाटांवर सरले. १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायी फिरत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी विवाह, मुलगी मनोरमा हिचा जन्म आणि लगेच वैधव्य, हे सारे १८८० ते १८८२ या दोन वर्षांत घडले. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्या पुण्यात आल्या तेव्हा घरात बोलली जाणारी मराठी एवढेच त्यांचे महाराष्ट्राशी नाते होते. परप्रांतातून आलेली, नातेवाईक नसलेली, तान्ह्या मुलीसह एकटी विधवा असे हे आगमन होते.

या भटकंतीतील एक गोष्ट मुद्रणाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. डोंगरे कुटुंब पुराणे सांगून चरितार्थ चालवी. देवळाच्या आवारात, घाटावर किंवा झाडाखाली पोथी उघडून बसायचे, खड्या आवाजात वाचायचे, आणि ऐकणाऱ्यांनी समोर फळफूल, धान्य, पैसा ठेवायचा, ही पद्धत रमाबाईंनी पुढे आपल्या इंग्रजी आत्मकथनात (१९०७) वर्णिली आहे. त्यात भीक नव्हती, वेतनही नव्हते. शब्द ऐकविणे आणि त्याच्या मोबदल्यावर जगणे असा तो व्यवहार होता. अनोळखी गावात, अनोळखी श्रोत्यांपुढे, केवळ वाणीच्या बळावर पोट भरण्याचे शिक्षण रमाबाईंना सोळाव्या-सतराव्या वर्षीच मिळालेले होते. फिलाडेल्फिया-बॉस्टनच्या सभागृहांत त्यांनी जे केले त्याचे मूळ मिशनऱ्यांच्या शिकवणीत शोधण्याऐवजी या पुराणिकीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

'स्त्रीधर्मनीति' : प्रवासखर्चाचे पुस्तक

पुण्यात आल्यानंतर काही महिन्यांतच, जून १८८२ मध्ये, 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध झाले. वाङ्मयीन दृष्ट्या ते रमाबाईंचे सर्वांत दुबळे पुस्तक आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. स्त्रियांच्या दुःस्थितीचे खापर पुष्कळ अंशी त्यांच्याच अज्ञानावर आणि आळसावर फोडणारा, संस्कृतप्रचुर, उपदेशपर असा त्याचा सूर आहे. त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यातच छापले गेले. ज्वलंतपणा, उपरोध, बोलीचा जोर, कोणत्याही निकषावर ताराबाईंचे पुस्तक कितीतरी सरस आहे. आपल्या वऱ्हाडातल्या या लेखिकेचा अभिमान बाळगूनही पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. 'स्त्रीपुरुष तुलना'च्या पाचशे प्रती निघाल्या, त्यावर टीकेची झोड उठली आणि ताराबाईंची लेखणी थांबली. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुनर्मुद्रण करेपर्यंत ते पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले होते. उलट 'स्त्रीधर्मनीती'ला सुधारक वर्तुळात आश्रय मिळाला आणि तिच्या विक्रीतून रमाबाईंनी इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला. एप्रिल १८८३ मध्ये त्या बोटीत बसल्या.

येथे गुणवत्तेचा निवाडा बाजूला ठेवून पाहिले तर दिसते ते असे : आश्रयदात्या वाचकाला जे ऐकायचे होते ते रमाबाईंनी लिहिले. हा दोष आहे, आणि ही जाणही आहे. ताराबाईंनी वाचकाला अंगावर घेतले. त्यांच्यापाशी जाण्यासाठी दुसरा वाचकवर्ग नव्हता. रमाबाईंनी एका वाचकवर्गाकडून दुसऱ्याकडे जाण्याचे भाडे पहिल्याकडून वसूल केले. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून या दोघींचीही बाजू घेतली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण दोघींच्या पुस्तकांचे आर्थिक प्राक्तन इतके भिन्न का झाले, याची चर्चा मात्र सहसा होत नाही.

फिलाडेल्फियातील पुस्तक आणि मुंबईतील पुस्तक

इंग्लंडमधील वास्तव्य, वाँटेज येथील बाप्तिस्मा (२९ सप्टेंबर १८८३) आणि चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजातील अध्ययन-अध्यापन यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. काही आठवड्यांच्या भेटीची पुढे जवळजवळ तीन वर्षे झाली. या काळात त्यांनी इंग्रजीत 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' लिहिले. १८८७ मध्ये ते फिलाडेल्फियात खासगीरीत्या छापले गेले. आनंदीबाईंच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्री रेचेल बॉडली यांची प्रस्तावना त्यास लाभली. आनंदीबाई त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात निवर्तल्या होत्या. अमेरिकन वाचकांच्या मनात तो शोक ताजा होता. मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता, त्याचीही दखल या पुस्तकात आहे. समयोचितता म्हणतात ती ही.

या पुस्तकाची रचना पाहिली की त्यामागील हेतू लपत नाही. बालपण, वैवाहिक जीवन, धर्मात व समाजात स्त्रीचे स्थान, वैधव्य, या स्थितीचे समाजावर होणारे परिणाम असा चढता क्रम लावून शेवटचे प्रकरण येते ते 'आवाहन'. स्वावलंबन, शिक्षण आणि एतद्देशीय शिक्षिका या तीन गरजा मांडून वाचकाकडे मदत मागितली जाते. म्हणजे हे पुस्तक एकाच वेळी समाजशास्त्रीय निबंध आहे, करुण कथन आहे आणि निधिसंकलनाचे पत्रकही आहे. हजारो प्रती खपल्या, उत्पन्न लेखिकेच्या कार्यास मिळाले, आणि डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना होऊन विधवांच्या शाळेला दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरले. गावोगावी 'रमाबाई सर्कल' नावाची मंडळे निघाली. वर्गणी, व्याख्यान आणि पुस्तक यांची अशी सांगड त्यापूर्वी एखाद्या भारतीय स्त्रीने परदेशात घातल्याचे उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही.

या यशाची किंमत पुस्तकाच्या आतच मोजावी लागली. शीर्षकातील 'हाय-कास्ट' हा शब्द प्रामाणिक आहे, परंतु तो एक मर्यादा आखतो. शेतात राबणारी, मजुरी करणारी, पाट लावून पुन्हा संसार मांडणारी स्त्री या पुस्तकात जवळपास नाही. अमेरिकन वाचकाची करुणा जागविण्यासाठी जी बंदिस्त, मूक, पीडित स्त्री हवी होती तीच समोर येते. दात्यासाठी लिहिताना दुःखाला एक ठरावीक चौकट पडते. ती येथे पडली आहे.

म्हणूनच या पुस्तकाशेजारी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा १८८९ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेलेला मराठी ग्रंथ ठेवून वाचणे अगत्याचे आहे. माझ्या मते रमाबाईंची खरी वाङ्मयीन कामगिरी हीच. लिव्हरपूल ते फिलाडेल्फिया हा जलप्रवास, मग 'पाताळा'चे म्हणजे अमेरिका खंडाचे वर्णन, राज्यपद्धती, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व दानधर्म, स्त्रियांची स्थिती, व्यापार-उद्योग असा आठ प्रकरणांचा विस्तार. इंग्रजी पुस्तकात अमेरिकनांना हिंदुस्थान दाखविला, मराठी पुस्तकात मराठी वाचकाला अमेरिका दाखविली. फरक असा की येथे मदत मागायची नव्हती. त्यामुळे भाषा मोकळी होते, मिस्कील होते. मूळच्या रहिवाशांची भूमी कशी हिरावली गेली, गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही काळ्या लोकांविषयीचा तिरस्कार कसा टिकून आहे, हे त्या नोंदवितात. अर्थात अमेरिकेविषयीचे कौतुक कित्येकदा भाबडे वाटते. स्त्रीसंघटनांच्या प्रकरणात तर टीकेचा स्वर जवळजवळ मावळतोच. तरीही १८८० च्या दशकात एका मराठी स्त्रीने लिहिलेले हे समाजवर्णन त्या काळच्या पुरुषांनी लिहिलेल्या बहुतेक प्रवासवर्णनांहून अधिक चौकस आहे.

स्त्रियांच्या प्रकरणात रमाबाई ज्या मद्यपाननिषेधक महिला संघाचे विस्ताराने वर्णन करतात त्या संघाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध होता. फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह होता. या संघाचे 'युनियन सिग्नल' नावाचे स्वतःचे साप्ताहिक होते आणि शिकागोत स्त्रियांनी चालविलेली प्रकाशनसंस्था होती. चळवळीला स्वतःचे पत्र आणि स्वतःचा छापखाना असावा लागतो, हे रमाबाईंनी अशा प्रकारे फार जवळून पाहिले होते. हिंदुस्थानात परतल्यावर त्यांच्याजवळ शाळा होती, देणगी होती, पण पत्र नव्हते.

दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रांतील रमाबाई

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलले. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार मिळाले. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे अभिवचन होते. रमाबाई स्वतः मात्र आपल्या खोलीत, दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली तेथे येऊन बसत. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे : 'केसरी'ने झोड उठविली, १८९३ मध्ये पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले.

या वादात कोण बरोबर, यावर शंभर वर्षे लेखणी झिजली आहे. टिळकांचा आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे मला वाटत नाही. अभिवचनाच्या शब्दांचे पालन झाले, त्याच्या आशयाविषयी मतभेदास जागा होती. पण मुद्रणव्यवहाराच्या अंगाने पाहता एक वेगळीच गोष्ट डोळ्यांत भरते. हा वाद जिथे लढला गेला ती सारी मैदाने दुसऱ्यांच्या मालकीची होती. 'केसरी'ला आठवड्यामागून आठवडा लिहिता येत होते. 'सुधारक'ला प्रत्युत्तर देता येत होते. मिशनऱ्यांचा 'ज्ञानोदय' होताच. जिच्याविषयी हे सारे चालले होते तिला मराठी वाचकापुढे नित्यनेमाने उभे राहण्याची जागा नव्हती. तिचे म्हणणे अहवालांतून बॉस्टनला जात होते. जगाच्या एका टोकाला हजारो वाचक असलेली लेखिका राहत्या गावात वाचकहीन ठरली. परदेशी भांडवलावर उभ्या राहिलेल्या प्रकाशनव्यवहाराचे हे दुखणे आजही ओळखीचे वाटेल.

केडगावचा छापखाना

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या. भंडारा हा त्या काळी याच मध्य प्रांताच्या नागपूर विभागातील जिल्हा होता, हे आपल्या भागातील वाचकांनी लक्षात घेण्याजोगे आहे. रमाबाईंच्या चरित्राचा आपल्या प्रदेशाशी असलेला संबंध आपण सहसा सांगत नाही. मदतकेंद्रे आणि अन्नछत्रे त्यांनी पाहिली. वीस वर्षांपूर्वी आपल्याच घरात शिरलेला दुष्काळ त्यांना पुन्हा भेटला. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रियांना घेऊन त्या परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. त्यामुळे दौंडजवळील केडगाव येथे विकत घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या गुजरात-राजपुतान्यातील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

'हाय-कास्ट' ही मर्यादा येथे आपोआप गळून पडली. दुष्काळाने जातींची निवड केलेली नव्हती. विणकाम, तेलघाणा, दूधदुभते, बागकाम यांबरोबर केडगावात छापखानाही होता आणि तो स्त्रिया चालवीत. खिळे जुळविणे, यंत्र चालविणे, फर्मे घडी घालणे, बांधणी करणे ही सर्व कामे मुली शिकल्या. अक्षरओळख हीच ज्यांच्या जातींना निषिद्ध होती अशा घरांतून आलेल्या मुली शिशाचे अक्षर उलटे वाचून ओळ जुळवू लागल्या. मराठी मुद्रणाच्या इतिहासात निर्णयसागराच्या सुबक खिळ्यांचे, जावजी दादाजींचे गुणगान होते आणि ते योग्यच आहे. केडगावच्या जुळारी स्त्रियांचा मात्र त्या इतिहासात ओझरता उल्लेखही विरळा. तानूबाई बिर्जे यांनी पतीच्या निधनानंतर 'दीनबंधु'चे संपादन सांभाळले तोही साधारण हाच काळ. संपादक स्त्री आणि जुळारी स्त्री या दोन्ही एकाच दशकात मराठीत दिसू लागल्या, आणि दोघीही ब्राह्मणी पुण्याच्या वर्तुळाबाहेर दिसू लागल्या, हा योगायोग मानून सोडून द्यावा असा नाही.

या छापखान्यातून रमाबाईंचे इंग्रजी आत्मकथन निघाले, 'मुक्ति प्रेयर-बेल' हे इंग्रजी नियतकालिक निघाले, आणि ज्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात केल्या ते बायबलचे मराठी भाषांतर निघाले. या भाषांतरामागची भूमिका मोठी लक्षणीय आहे. प्रचलित मराठी बायबलातील पंडिती, हिंदू धर्मसंकेतांनी भारलेले शब्द खेड्यातल्या स्त्रीला परके वाटतात, म्हणून साध्या भाषेत नवे भाषांतर हवे, असे त्यांचे म्हणणे होते. संस्कृतच्या पदव्या मिरविण्याचा अधिकार असलेल्या विदुषीने संस्कृतप्रचुरतेविरुद्ध घेतलेली ही भूमिका 'स्त्रीधर्मनीती'च्या लेखिकेपासून किती दूर आली आहे, हे पाहावे. प्रत्यक्ष भाषांतर मात्र या भूमिकेला सर्वत्र न्याय देत नाही. मूळ भाषेच्या शब्दाशब्दाला चिकटून राहण्याच्या आग्रहामुळे वाक्ये अडखळतात. शब्द साधे असूनही रचना परकी राहते. मराठी गद्याला त्यातून जे मिळू शकले असते ते पुरतेपणी मिळाले नाही.

आणि येथेच रमाबाईंच्या मुद्रणव्यवहाराविषयीची माझी मुख्य तक्रार आहे. छापखाना हाती नसताना त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति' लिहिली. छापखाना हाती आल्यावर तशा आवाक्याचे लौकिक गद्य त्यांनी मराठीला दिले नाही. केडगावचे नियतकालिक इंग्रजीत, दूरदेशीच्या श्रद्धावान वर्गणीदारांसाठी निघत राहिले. पुण्याच्या वृत्तपत्रांनी ज्या वाचकापासून त्यांना तोडले होते त्या वाचकाकडे परत जाण्याचे साधन त्यांच्या अंगणात होते. त्यांनी ते त्यासाठी वापरले नाही. याचे कारण त्यांच्या श्रद्धेत शोधणारे अभ्यासक आहेत, समाजाच्या बहिष्कारात शोधणारेही आहेत. मला वाटते, दात्यांच्या वर्गणीवर दोन हजार जणींचे पोट अवलंबून असताना छापखान्याची भाषा वर्गणीदार ठरवितो, हे कारणही यात धरले पाहिजे. ताराबाई शिंदे यांना वाचकाने गप्प केले. रमाबाईंना कुणी गप्प करू शकले नाही, पण त्या कुणाशी बोलत राहतील हे हळूहळू ठरत गेले.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई. बायबलाचे भाषांतर हातावेगळे झाले होते, छपाई उरली होती. ती केडगावच्या स्त्रियांनी पुढे चालू ठेवली आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणाऱ्यांपैकी कितीजणी मध्य प्रांतातल्या त्या दुष्काळातून आलेल्या होत्या, त्यांची नावे कोणती, हा शोध नागपूर-भंडाऱ्याकडील एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने हाती घ्यावा, एवढे काम त्यात निश्चित आहे.